शेणावरचा पालक

"शेन घातलं का मातीतलं विख जाग्यावर बसतं," गोजराबाई नेहमी म्हणायची. कोपरखैरण्याच्या नाल्याकाठी तिचे पालकाचे चार वाफे होते. नाल्यात कारखान्यांचं पाणी येई, पण तिच्या या बोलण्यावर सोसायटीतल्या बायका निर्धास्तपणे भाजी नेत.

कॉलेजात शिकणारी मनस्वी वाफ्यांतली माती आणि पानं प्रयोगशाळेत तपासून आली, तेव्हा सोसायटीतल्या वेणूबाई गरोदर सुनेसाठी पालक घेत होत्या.

"आजी, तुमचं खरं आहे," मनस्वी म्हणाली. "शेण शिसं धरून ठेवतं, मुळांना सहज देत नाही. पण ते कुजून संपत आलं की पकड सैल होते. आता पानांत शिसं उतरलंय. शेवटचं शेण कधी घातलंत?"

"शेजारचा म्हशींचा तबेला उठला तवा. तीन वर्सं झाली," गोजराबाई पुटपुटली. "सांगाची लाज वाटली."

"अगं, कालसुद्धा शेणावरचा म्हणून दिलास ना?" वेणूबाई म्हणाल्या. "सून रोज खाते गं!"

गोजराबाईला मान वर करवेना. तिने वेणूबाईंच्या पिशवीतल्या जुड्या काढून घेतल्या, वाफ्यांतला पालक मुळासकट उपटला आणि पदराने तोंड झाकून ती गावातल्या आपल्या घराकडे चालू लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत वेणूबाई तिच्याकडे पाहत राहिल्या.