गुडमारचा पाला

मला जिथे-तिथे शिकवायची खोड आहे. पनवेलच्या एका कॉलेजात मी औषधी वनस्पती शिकवते आणि घरी आल्यावरही तोंड बंद ठेवत नाही. ताटात कारलं आलं तरी त्यातल्या द्रव्यांवर पाच मिनिटं बोलते. नवरा म्हणतो, "आता हजेरीही घेऊन टाक." त्यावर आम्ही दोघं हसतो. पण याच खोडीपायी एका बाईचा पाय गेला, आणि ते काही हसण्यावारी नेता येत नाही.

ती बाई मोरा बंदरावरची कोळीण. दर रविवारी सकाळी मासळीची पाटी घेऊन आमच्या बिल्डिंगमध्ये यायची. मी तिला मावशी म्हणायचे. तिला मधुमेह होता. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या चालू होत्या आणि त्यांचा तिला मनापासून कंटाळा होता.

माझ्या बाल्कनीत कुंडीत गुडमारचा वेल आहे. त्याची पानं चावली की जिभेला गोड कळेनासं होतं. हा खेळ मी दरवर्षी नव्या मुलांना दाखवते आणि टाळ्या घेते. एका रविवारी मावशीलाही दाखवला. पान चावायला दिलं, मग जिभेवर चिमूटभर साखर ठेवली. तिने डोळे मोठे केले.

"अगो, ही तं रेती लागते! साखर मेली?"

"मेली," मी हसत म्हटलं. वर हेही सांगितलं, की आमच्या प्रयोगशाळेत याच पानांच्या अर्काने मधुमेही उंदरांची साखर उतरते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. फक्त त्यांचा एकमेकींशी संबंध नव्हता. पानातलं द्रव्य जिभेला अर्धा तास फसवतं, रक्ताला नाही. आणि उंदरांना आम्ही अर्क मोजून-मापून देतो, पाला नाही. हे सांगायला हवं होतं. मी मूठभर पानं कागदात बांधून दिली.

मग दर रविवारी ती पाला मागू लागली आणि मी देऊ लागले. बदल्यात हिशेबावर दोन बोंबील जास्त पडायचे.

महिन्या-दीड महिन्याने जिन्यात चौघी शेजारणी मासळी घेत असताना ती मोठ्याने म्हणाली, "या ताईच्या पाल्यानं माजी साखर मेली. गोळ्या सोडल्या मी. रोज सकाली पान खाते आनि साखर चाखून बगते. रेतीच लागते!"

हे घातक आहे, हे मला तिथेच कळलं. त्याच वेळी अंगावर मूठभर मांसही चढलं, कारण चौघी माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. तिला एकटीला गाठून सांगू, असं ठरवून मी मूग गिळून बसले. पुढच्या रविवारी घरी पाहुणे होते. त्याच्या पुढच्या रविवारी मी पेपर तपासत होते. नंतर ती यायचीच बंद झाली.

तिच्या पायात शिंगाळा माशाचा काटा घुसला होता. जेट्टीवर अनवाणी वावरणारी बाई, काटे लागायचेच. पण मधुमेहाने पायाला संवेदना उरली नव्हती, त्यात गोळ्या बंद. जखम आतून सडत गेली आणि शेवटी घोट्याच्या वर पाय कापावा लागला. वॉचमनकडून हे कळलं त्या दिवशी मी बाल्कनीत गेले. वेलाला नवी पालवी फुटली होती. मला तिच्याकडे बघवेना.

भेटायला गेले नाही. तिच्यासमोर जायची माझी हिंमत नव्हती.

काही महिन्यांनी एका रविवारी ती रिक्षातून आली आणि गेटपाशी स्टुलावर बसली. आता पाटी सून उचलते. मी भांडं घेऊन खाली उतरले तशी तिचा चेहरा खुलला. सुनेला म्हणाली, "हीच ती अवषदवाली ताई." मग माझ्याकडे वळली. "हिला पन साखर निगाली. एवडी पोरवयाची. पाला देशील ना?"

या वेळी गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"मावशी, तो पाला म्हणजे औषध नव्हे. जीभ फसते, तेवढंच. तुमची साखर कधी उतरलीच नव्हती. हिच्या गोळ्या अजिबात थांबवू नका. चूक माझी होती. तुम्ही गोळ्या सोडल्या तेव्हाच मला हे माहीत होतं."

तिने आधी सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तवाच का नाय बोललीस?"

उत्तर मला ठाऊक होतं. चार बायका ऐकत होत्या आणि मला ते कौतुक हवं होतं. एवढी साधी गोष्ट. पण ती काही माझ्या तोंडून बाहेर पडेना. मी नुसतं भांडं पुढे केलं.

तिने सुनेला मांदेली मोजायला सांगितली. मग स्वतः वाकून पाटीतले दोन बोंबील उचलले आणि सवयीने माझ्या भांड्यात टाकले.