कोलम दिसला की उतरायचं

सांगलीहून दिवसरात्र गाडीत अवघडून चेन्नईला उतरले, तेव्हा माझ्या गुडघ्यांनी संपच पुकारला होता. तिथून लोकलनं अंबत्तूर गाठेपर्यंत जीव नुसता मेटाकुटीला आला. साठीच्या बाईनं एवढी दगदग करू नये, हे मलाही कळतं हो! पण वहिनींचा फोनच तसा होता. "सुमन, तूच ये बाई. तुझं ऐकतील. नाहीतर एक दिवस बसखाली जातील."

भानगड होती दादाच्या सायकलची. दादा माझा थोरला भाऊ. तिथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात पस्तीस वर्षं सायकलवरून गेला-आला. आता अडुसष्टचा आहे आणि मशीनच्या खडखडाटात दोन्ही कान जवळजवळ गेलेत. मागून हॉर्न वाजला तरी पत्ता नसतो. म्हणून वहिनींनी अट घातली होती, सायकल फुटपाथवरूनच. आता त्यांना तेही नको होतं. मी त्याच्याबरोबर एक फेरी मारायची आणि सायकल विकायची की ठेवायची ते सांगायचं, असं ठरलं. मी निवृत्त मुख्याध्यापिका. निकाल लावायची सवय जात नाही.

सकाळी सहाला निघालो. मला शेजाऱ्यांची सायकल मिळाली होती. पोटात वहिनींच्या दोन इडल्या, वर पोडी (तिळाचं तेल घातलेली कोरडी चटणी). रस्त्यावर तेवढ्या सकाळीही बसेस, पाण्याचे टँकर, ओरगडमच्या कारखान्यांकडे कामगार नेणाऱ्या गाड्या. फुटपाथवर चहाची टपरी, उभ्या केलेल्या मोटारसायकली, गजरे ओवत बसलेली बाई. फुटपाथला तिथले लोक प्लॅटफॉर्म म्हणतात. घरांची दारं थेट त्यावरच उघडतात, आणि दारोदारी बायका सडा घालून वाकून कोलम (तांदळाच्या पिठाची रांगोळी) काढत होत्या.

पहिला कोलम दिसला आणि दादा उतरला. सायकल हातात धरून कडेकडेनं पुढे गेला, मग परत चढला. वीस पावलांवर दुसरा कोलम, परत उतरला. बाई दिसली, उतरला. म्हातारा दिसला, उतरला. सात-आठ वेळा असं झाल्यावर माझं डोकं फिरलं. चढताना-उतरताना माझे गुडघे देवाचं नाव घेत होते.

"अरे दादा, तू सायकल चालवतोयस की तिला फिरायला नेतोयस?" मी ओरडले. त्याच्याशी ओरडूनच बोलावं लागतं.

"प्लॅटफॉर्म त्यांचा आहे, सुमे!" तोही ओरडला. "आपण आगंतुक!"

"मग ये तू सावकाश," म्हणत मी रस्त्यावर उतरले. पन्नास पावलंही गेले नसेन. एक बस इतक्या जवळून गेली की तिचा वारा कानाला लागला. पुढे फुटपाथचा उतार दिसला, तिथून घाईघाईत परत वर चढले आणि भीतीनं तशीच जोरात पायडल मारत राहिले. समोर एक म्हातारी माझ्याकडे पाठ करून कोलमाचे ठिपके काढत होती. मी घंटी दाबली, पण शेजारून टँकरचा हॉर्न वाजला आणि माझी घंटी माझी मलाच ऐकू आली नाही.

म्हातारी हातावर पडली. कोपर सोललं, मनगट सुजलं. पिठाची वाटी उलटली. मी "सॉरी, सॉरी" करत राहिले. आजन्म मुलांना शिस्त शिकवली आणि मला दुसरा शब्द सुचेना.

ती कण्हत म्हणाली, "इदु एन् वासल्‌मा. नान् एंग पोवेन?"

दादा पोचला होता. तिचा हात आपल्या हातात घेऊन त्यानं कान तिच्या तोंडाजवळ नेला, परत एकदा ऐकलं आणि मला सांगितलं, "म्हणते, हे माझं दार आहे बाई. मी कुठं जाऊ?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रस्त्यावर माझ्या जिवाला भीती वाटली, म्हणून ती भीती घेऊन मी हिच्या दारात घुसले होते.

तिची सून आणि दादा तिला रिक्षानं डॉक्टरकडे घेऊन गेले. मी दोन सायकली सांभाळत पायरीवर बसले. समोर अर्धा कोलम आणि त्याच्यातून गेलेला माझ्या चाकाचा पट्टा. तासाभरानं तिघं परत आले. हाड मोडलं नव्हतं. आम्ही सायकली हातात धरून चालत घरी आलो.

दारातच वहिनींना दादाच्या सदऱ्यावरचं रक्त दिसलं. "पाडलंत ना कुणाला? मी म्हणत नव्हते?"

"एका पाट्टीला (आजीला) लागलं जरा," दादा म्हणाला आणि सदरा बदलायला आत गेला. माझं नाव त्यानं घेतलंच नाही.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "बघितलंस ना आता? आजच विकायला सांगते."

मी नुसती मान हलवली असती तर काम फत्ते होतं. मी त्यासाठीच आले होते. खोटं कशाला सांगू, क्षणभर मोह झालाच.

"वहिनी, मी पाडलं," मी म्हटलं. "तो खाली उतरून चालत होता. कोलम दिसला की उतरतो, माणूस दिसलं की उतरतो."

"आणि त्यांचे कान?"

"कान गेलेत हे त्याला पक्कं माहीत आहे, म्हणून तर उतरतो. माझे धड आहेत ना, मी तशीच गेले."

वहिनींनी दादाचा सदरा बादलीत भिजवला आणि कॉफी टाकली. सायकल विकायचा विषय मी निघेपर्यंत परत निघाला नाही.

सांगलीला येऊन महिना झाला. भाजीला मी सायकलनंच जाते. मुख्य रस्त्याची भीती अजून वाटते, मग फुटपाथवर चढते. पण कुणी दिसलं की उतरते, सायकल हातात धरते, परत चढते. गुडघ्यांचे हाल विचारू नका. काल शेजारच्या काकांनी हाक मारली, "काय बाई, पंक्चर झाली वाटतं?"

"नाही हो," मी म्हटलं. "तुमचं दार आलं."