हलला की हलवला?

"खुर्चीला करवत लावलीस तर बघ! तुझ्या बहिणीचा नवरा अजून मेलेला नाही."

"मेला असतात तर खुर्ची कधीच घरी नेली असती, दाजी," सुतार मेहुणा म्हणाला आणि त्याने करवत भिंतीला टेकवली.

दाजीला सगळे 'कात्री' म्हणत. जन्मभर त्याचा एकच हिशोब: गिऱ्हाइकाने बसायचं, आपण उभं राहायचं. घराच्या पुढच्या खोलीतच केस कापायचं दुकान. तिथला गळका पत्रा ठोकायला चढला आणि पत्र्यासकट खाली आला. मणका फुटला. ऑपरेशन झालं, पाठीत सळ्या बसल्या, पण कमरेखाली सगळा शुकशुकाट. हळूहळू हातांवर भार देऊन चाकाच्या खुर्चीत सरकायला शिकला. लोक म्हणत, सुधारणा आहे. त्याला ती शिवी वाटे. चाकाच्या खुर्चीतून गिऱ्हाइकाच्या टाळूला हात पोचत नव्हता, म्हणून दुकान बंद, आणि बायको चार घरची भांडी घासून संसार ओढत होती.

"गिऱ्हाइकाच्या खुर्चीचे पाय वीतभर कापू, मग पोचेल हात," मेहुणा म्हणाला.

"माझे गेले, आता खुर्चीचेही कापा! उभा राहीन तेव्हाच दुकान उघडेन."

एवढ्यात त्याचा उजवा पाय टुणकन उडाला.

"हलला! अगं ए, पाय हलला!"

बायको फेसाळ हातांनी धावत आली आणि पाय कवटाळून खालीच बसली. मेहुण्याने गुपचूप करवत पिशवीत घातली.

थोड्या वेळाने व्यायामवाल्या बाई आल्या, तेव्हा पाय पुन्हा उडत होता.

"हलला की हलवलात?"

"म्हणजे?"

"हलवला असेल, तर आता थांबवा."

दात-ओठ खाऊन त्याने पायावर नजर रोवली. घाम फुटला. पाय परक्याचा असल्यासारखा धडधडत राहिला आणि थांबला तेव्हा आपल्या मर्जीनेच थांबला.

"पायाची आकडी आहे ही, आपोआप येते," बाई म्हणाल्या.

"पुढे ताकद येईल ना?" बायकोने विचारलं.

"येईल असं मी म्हणणार नाही."

"भांडी राहिलीत," म्हणत बायको आत गेली. भांड्यांचा आवाज मात्र आला नाही.

कात्रीने आतल्या दाराकडे पाहिलं.

"वीतभरच काप," तो मेहुण्याला म्हणाला. "जास्त कापलीस तर तुझीच बिनपाण्याने करीन."

करवत चालली. चारही पाय तुटेपर्यंत त्याने मांड्यांवर मुठी दाबून धरल्या. मांड्यांना त्याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी समोरचा किराणावाला येऊन बसला. "कात्री, गुडघे कानाला लागले की रे!"

"कान सांभाळा मग. पुढे बघा."

चाकाच्या खुर्चीच्या फळीवर कात्रीचा पाय थडथडू लागला. किराणावाला वळला. "अरे, तुझा पाय हलतोय!"

"हलू दे. तुम्ही मान हलवू नका," असं म्हणून त्याने बोटांनी त्याचं डोकं सरळ केलं आणि कात्री लावली.