हातावर तोललेला पॉवर सप्लाय

बाजारात त्याला सगळे 'तराजू' म्हणत. कॉम्प्युटर दुरुस्तीत तीस वर्षं काढलेल्या या माणसाचा खोक्यावर छापलेल्या वॅटांवर काडीचा विश्वास नव्हता. पॉवर सप्लाय, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, तळहातावर घ्यायचा, डोळे मिटायचे, दोनदा हलकेच वरखाली करायचा आणि निकाल द्यायचा. "हा पाचशे वॅटचा? पंखा फिरला तरी नशीब! चांगल्या मालात तांबं असतं, म्हणून तो जड लागतो. यात नुसती हवा आहे." गिऱ्हाईक थक्क व्हायचं. हळूहळू आजूबाजूचे दुकानदारही डोळे मिटून माल घेऊ लागले. खरं तर तेव्हाच त्याने डोळे उघडायला हवे होते.

त्याची थोरली बहीण शिक्षिका होती. निवृत्त झाल्यापासून ती एका जाडजूड कादंबरीचं भाषांतर करत होती. तीन वर्षांचं सगळं काम एकाच मशीनमध्ये. त्यातला पॉवर सप्लाय घरघरायला लागला तेव्हा तिने भावाला बोलावलं.

"तूच निवड बाबा. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

जन्मभर त्याला धांदरट म्हणणारी ताई हे म्हणाली! त्याची छाती फुगली. घाऊक बाजारात जाऊन त्याने सतरा डबे तोलले, सगळ्यांत जड तो आणला आणि स्वतः बसवून दिला.

चार महिन्यांनी भर दुपारी आवाज झाला, धूर निघाला आणि मशीन बंद पडलं. त्याने ते दुकानात आणून तपासलं. हार्ड डिस्कही जळाली होती. मग त्याने सप्लायचे स्क्रू काढले. आत तांबं नावापुरतं, आणि तळाला नीट चिकटवलेली सिमेंटची लादी. दुकानदार वजन बघून माल घेतात हे कारखानदाराच्या कानावर गेलं होतं आणि त्याने बिचाऱ्याने मागणीप्रमाणे वजन पुरवलं होतं.

तो सरळ ताईकडे गेला. तिच्याकडे बघायची त्याला लाज वाटत होती.

"ताई, माझं चुकलं. तुझं पुस्तक गेलं. आत सिमेंट भरलेलं होतं गं."

"मग बसवायच्या आधी उघडून नाही का बघितलंस? दिवसभर दुसरं काय करतोस?"

"उघडलं की वॉरंटी जाते."

ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अरे, पुस्तक कुठे जातंय! रोज संध्याकाळी मी सगळं मलाच मेल करते."

त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याने विचारलं, "कधीपासून करतेस?"

ताईने चष्मा पुसायला घेतला. "तू तो डबा बसवून गेलास ना, त्याच संध्याकाळपासून."