साडूचा गिअर लिव्हर

माझ्या साडूबद्दल कोणी चांगलं बोललं की माझ्या पोटात दुखतं. पन्नाशी उलटल्यावर हे कबूल करायला आता हरकत नाही. बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ राहायचा, बँकेत होता आणि सदा हसतमुख. हसतमुख माणसांशी माझं कधी जमलेलं नाही. तो माझ्याहून पाच वर्षांनी लहान, तरी मी त्याला मुद्दाम अहो-जाहो करायचो. अरे-तुरे केलं की माणूस जवळचा होतो, आणि तेच मला नको होतं.

सासुरवाडी कल्याणची. दर दसऱ्याला सकाळी सासऱ्यांना मोटारसायकलवर मागे बसवून दुर्गाडी किल्ल्यावर देवीच्या दर्शनाला न्यायचं, हा मान थोरला जावई म्हणून सहा वर्षं माझा होता. सासरे निवृत्त हेडमास्तर. जावयाचं कौतुक त्यांच्या अभ्यासक्रमातच नव्हतं. सहा वर्षांत गड उतरताना "जपून घ्या" याच्या पुढे त्यांची गाडी गेली नाही. तरी मास्तर कोणाच्या मागे बसलेत ते सगळी आळी बघायची, आणि मला तेवढं पुरत होतं.

सातव्या वर्षी साडूनं गाडी घेतली. माझंच मॉडेल, रंगसुद्धा काळाच, फक्त नवी कोरी. गणपतीत सगळे कल्याणला जमलेलो असताना सासरे पानावर बसल्या बसल्या म्हणाले, "यंदा ज्याची गाडी आधी दारात येईल, त्याच्या मागे बसेन." सगळे हसले. मीही हसलो, पण पुढचा मोदक काही गोड लागला नाही.

जेवण झाल्यावर त्याची गाडी जरा चालवून पाहिली. गिअर इतके अलगद पडत होते की मला राग आला. कसं काय, म्हणून विचारलं तर म्हणाला, "लिव्हर एक दाता वर बसवून घेतलाय दादा. बुटाला बरा पडतो." झालं. पुढच्याच रविवारी मी डोंबिवलीला घराखाली पाना घेऊन बसलो आणि माझा लिव्हर त्याच्या दातेरी दांड्यावरून काढून एक दाता वर चढवला. बोल्ट घट्ट आवळला, असं मला वाटलं. पंधरा दिवसांत लिव्हर डुगडुगायला लागला. डीलरकडे नेला असता तर पहिला प्रश्न आला असता, की हा कोणी उघडला? म्हणून नेलाच नाही. तो डुगडुगत राहिला आणि मी चालवत राहिलो.

खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. लेथला हार घातले, पेढे वाटले आणि दुपारीच सुट्टी दिली. गेटबाहेर पडून दुसरा गिअर टाकला, आणि तिसरा काही पडेचना. लिव्हर दांड्यावर नुसता गरागरा फिरत होता. दुसऱ्यावरच गाडी रडवत रडवत मी जवळचं डीलरचं वर्कशॉप गाठलं.

तिथे सगळे पाने, पक्कडी, हातोड्या लाल कापडावर ओळीनं मांडलेल्या, वर हळद-कुंकू आणि झेंडूची फुलं. पिकल्या केसांचा मेकॅनिक शेजारी बसून प्रसाद खात होता. त्यानं वाकून माझा लिव्हर हलवून पाहिला.

"आतले दाते साफ गेलेत साहेब. नवाच लागणार. कोणी खोललेला काय?"

"छे," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. "आज काय होणार नाय. पूजा झाली, आता उद्यापर्यंत हत्याराला हात लावत नाय आम्ही. स्टोअरलापण पूजा करून कुलूप घातलंय. उद्या दुपारी या, सकाळी नव्या गाड्यांची गर्दी असते."

मी भांडणार होतो. पण तासाभरापूर्वी मीच लेथसमोर हात जोडून आलो होतो, बोलणार काय? उद्या सकाळी साडूची गाडी कल्याणला दारात उभी राहणार आणि मी रिक्षातून उतरणार, हे चित्र मात्र लख्ख दिसायला लागलं.

तेवढ्यात आम्हा दोघांनाही ओळखणारा काउंटरवरचा माणूस म्हणाला, "तुमचे साडू आमचेच कस्टमर ना? काय गाडी ठेवलीय हो त्यांनी! थांबा, फोन लावतो." मी नको म्हणेपर्यंत त्यानं लावलासुद्धा.

वीस मिनिटांत साडू हजर. सगळं ऐकून घेतलं, स्वतःच्या गाडीतला पाना काढला आणि खाली बसला. मेकॅनिक दचकला. "साहेब, आज?"

"माझ्या पान्याची पूजा अजून व्हायचीय काका," असं हसत म्हणून त्यानं स्वतःच्या गाडीचा लिव्हर सोडवला आणि माझ्या गाडीला चढवला. वर बोल्ट दोनदा आवळून बघितला.

"दादा, बाबांना तुम्हीच न्या. मान तुमचा आहे. माझी गाडी राहू दे इथेच, दसरा झाल्यावर नवा बसवतील."

आणि तो रिक्षा करून निघून गेला. मी आभार मानायला हवे होते. पण माझा नुसता जळफळाट झाला. त्यानं मला हरवलं असतं तर मी वर्षभर मजेत चिडलो असतो. या माणसानं तीही सोय ठेवली नाही.

दसऱ्याला सकाळी सात वाजता मी सासऱ्यांच्या दारात उभा होतो. दर्शन झालं. गड उतरताना सासरे मागून बोलायला लागले.

"धाकट्यांचा काल फोन आला होता. गाडी बंद आहे म्हणाले. स्वतःच लिव्हरशी खटपट केली आणि दाते घालवले म्हणे. नवी गाडी, आणि ही तऱ्हा! तुमची बघा, सहा वर्षांत एकदा अडली नाही. वस्तू ठेवावी तर तुमच्यासारखी."

सहा वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते कौतुक हे. खरं सांगायला गड उतरेपर्यंतचा वेळ माझ्याकडे होता. मी "हो" म्हणालो आणि त्याच्या लिव्हरनं तिसरा टाकला. अलगद पडला.

घरी आल्यावर सासऱ्यांनी आपट्याची पानं माझ्या हातात दिली. "ही ठाण्याला पोचवा. आणि निगा राखायला शिका म्हणावं त्यांना."

संध्याकाळी मी ठाण्याला गेलो. साडूनं दार उघडलं. मी पानं दिली, त्यानं वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "बाबा खूश होते ना?"

"तुझी आठवण काढली," मी म्हणालो. तोंडातून 'तुझी' कसं निघालं, मलाच कळलं नाही.

तो हसला. आठवण काय काढली, ते त्यानं विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. त्याच्या जागी मी असतो, तर दारातच विचारलं असतं.