ठीक सात वाजताची पावडर

नाव: काळूराम विठोबा गावंड. वय: चोपन्न. पद: जलसुरक्षक, ग्रामपंचायत. कर्तव्य: गावातील एकमेव गोड्या विहिरीत रोज सकाळी ठीक सात वाजता ब्लीचिंग पावडर टाकणे, पाण्याची चाचणी घेणे व नोंद ठेवणे. ओळखीची खूण: उजव्या हाताचा वास. शेरा: सहा वर्षांत एकदाही उशीर नाही.

शेरा खरा होता. खाडीमुळे बाकीच्या विहिरी मचूळ, त्यामुळे सारं गाव याच पाण्यावर. सातला काळूराम बादलीत कालवलेली पावडर विहिरीत सोडी. अर्ध्या तासाने बाटलीत पाणी घेऊन औषधाचे दोन थेंब टाकी. पाणी पिवळं झालं की पावडर पोचली असं समजायचं. रोज पिवळं होई.

तरी श्रावणात गावातल्या पाच पोरांना जुलाब लागले. सहावी काळूरामची दीड वर्षाची नात, हेमाली. दोन दिवसांत तिचे डोळे खोल गेले. रडायची, पण आसवं येईनात. क्रांती ही गावची आशाताई जलसंजीवनीची पुडी घेऊन आली. पेल्यात ती कालवता कालवता थांबली.

"काका, पाणी तपासलंत?"

"रोज तपासतो. पिवळं हाय."

"विहिरीचं नाही. हे, तुमच्या हंड्यातलं."

काळूरामने अपमान गिळला आणि हंड्यातल्या पाण्यात थेंब टाकले. पाणी होतं तसंच राहिलं. बाटली हलवली, आणखी दोन थेंब टाकले. रंग नाही. शेजारच्या दोन घरांतही तेच.

"औषध जुनं झालंय," परत येऊन त्याने जाहीर केलं.

"औषधाला काय धाड भरली न्हाय," त्याची बायको कमळ चुलीपासून म्हणाली. "तुमची पावडर पडली का चाय वास मारते. म्हनून आमी बाया पावनेसातच्या आत पानी भरतो."

"आमी म्हंजे कोन?"

"आख्खा गाव. तुमी टायमाचे पक्के, म्हनून बरं पडतं. तुमच्या आदीचा सदा कवा बी उगवायचा. कायच कळायचं न्हाय."

सदाला बेशिस्तीबद्दल काढून टाकलं होतं.

क्रांतीने पेला मोरीत ओतला, हंड्यातलं पाणी उकळायला ठेवलं आणि दुसरी पुडी काढली.

दुसऱ्या दिवशी काळूरामने कोणाला न सांगता साडेपाचलाच पावडर टाकली. तिसऱ्या दिवशी पाचला. चौथ्या दिवशी पावणेसहाला.

"काळूदादा, घड्याल बिघडलं का तुजं?" रिकामा हंडा कमरेवर घेऊन बायजाने विचारलं.

"व्हय," काळूराम म्हणाला.

वेळा मात्र त्याने खऱ्या लिहिल्या. खोटं लिहायची सवय नव्हती. महिनाअखेरीस तपासणी झाली आणि सहा वर्षांच्या शेऱ्याखाली लाल शाईत नवा शेरा आला: वेळ पाळत नाही.

हेमालीचे जुलाब पाचव्या दिवशीच थांबले होते. चहाला वास येतो.