गल्लीची भांडी

गल्लीच्या सामाईक भांड्यांची खोली नळाशेजारी होती, आणि त्या खोलीत भांडी ठेवून जी काय जागा उरेल तिच्यात मावशी राहायची. सख्खी मावशी ती कुणाचीच नव्हती. आधी तिचा नवरा भांडी सांभाळायचा. तो गेल्यावर गल्लीने ठरवलं, राहू दे हिला इथेच; भांडी घासेल, कल्हई करून घेईल, कुणाकडे कार्य निघालं की काढून देईल. भाडं नाही, पगार नाही. तिला तेव्हा तो उपकार वाटला, आणि खरं सांगायचं तर तो होताही.

सगळ्यात मोठा टोप एवढा होता की तो घासायला तिला आत उतरून बसावं लागे. बाहेरून नुसते पांढरे केस दिसत. "आज मावशीचा रस्सा!" पोरं ओरडायची. "होऊ दे रे मेल्यांनो, पण चावायला दात आहेत का तुम्हाला?" असा टोपातून घुमत आवाज यायचा.

त्या टोपात वर्षातून एकदाच शिजायचं, सणाच्या शेवटच्या दिवशी. अख्खी गल्ली रस्त्यावर एका पंगतीला जेवायची. "आमची गल्ली म्हणजे एक कुटुंब" हे त्या दिवशी जो तो दुसऱ्याला सांगायचा. आता घरातलं घरातल्याला कोण कशाला सांगतं? पण तेव्हा ते कुणाला खटकलं नाही.

टेलर आणि गिरणीवाला हे गल्लीचे पुढारी, लंगोटीयार. नळाच्या बाजूची घरं टेलरला मानायची, समोरची गिरणीवाल्याला. गेल्या सणाला गिरणीवाल्याचा म्हातारा बाप पंगतीला उशिरा आला. टोप तळाला गेला होता. वाढायला टेलर होता. त्याने जे उरलं होतं ते, म्हणजे करपलेली खरवड, म्हाताऱ्याच्या ताटात घातली आणि वर म्हणाला, "माणसाने वेळेवर यावं!" सगळे हसले. म्हातारा मान खाली घालून जेवला, आणि पुढे दोन महिन्यांनी वारला. बापाच्या शेवटच्या सणाला त्याच्या पानात खरवड पडली, हे गिरणीवाल्याच्या मनातून जाईना. टेलरचं म्हणणं, उरलं होतं ते वाढलं, माझ्या घरी थोडंच लपवून ठेवलं होतं! भांड्याला भांडं लागायचंच, पण इथे आवाज थांबेना. आधी दोघांचं बोलणं बंद झालं, मग बायकांचं, मग दोन्ही बाजूंच्या पोरांनी एकमेकांशी खेळणं सोडलं.

सण महिन्यावर आला तेव्हा बैठक झाली. वर्षभरात दोन्ही बाजूंचं एकाच गोष्टीवर एकमत झालं: पंगती दोन करायच्या. भांडी निम्मी-निम्मी वाटायची, खोलीत मधोमध भिंत घालायची, मोठा टोप मोडीत काढायचा. मावशी दाराबाहेर उभी राहून ऐकत होती. तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मनात वाईट होतं म्हणून नव्हे, आठवलीच नाही. अर्ध्या खोलीत भांडी मावतील, माणूस मावणार नाही, हे तिला तिथेच कळलं. दुसरं छप्पर तिला या जगात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती गिरणीत गेली. गिरणीवाल्याच्या भुवया पिठाने पांढऱ्या झाल्या होत्या.

"दादा, एक सांगू? टेलरभाऊ काल माझ्याकडे आले होते. तुमच्या बाबांचं नाव काढून रडले. म्हणाले, ती खरवड वाढताना माझा हात का नाही झडला!"

गिरणीवाल्याने चालू गिरणी बंद केली. "रडला? तो?"

"ढसाढसा. पण विचारू नका हं त्यांना, लाजतील."

संध्याकाळी ती टेलरच्या दुकानात. "गिरणीवाले म्हणत होते, चूक आमचीच, बाबांना आम्हीच उशिरा आणलं, दोस्ताला उगाच बोल लावला. पण तुम्ही विषय काढू नका, मानी माणूस आहे."

टेलरने ओठांत धरलेल्या टाचण्या काढून ठेवल्या आणि बराच वेळ यंत्राचं चाक नुसतंच फिरवत बसला.

आपण खोटं बोललो असं मावशीला वाटलं नाही. पोचा आलेलं भांडं आतून हलक्या हाताने ठोकावं, तसं तिने केलं होतं. शिवाय पोटात भीती होती, आणि भीती असली की माणसाला आपलं खोटं पुण्यकर्म वाटायला लागतं. महिनाभर ती इकडचे चार गोड शब्द तिकडे आणि तिकडचे इकडे पोचवत राहिली. भिंतीचं कुणी नाव काढेना.

सणाला एकच पंगत बसली. मावशी त्या दिवशी दोनदा रडली; त्यातलं एकदा धुराने.

जेवण निम्म्यावर आलं आणि गिरणीवाला उभा राहिला. अगदी भरल्या मनाने. "मला आज माझ्या दोस्ताबद्दल बोलायचंय. माझ्या बापासाठी तो रडला. चूक कबूल करायला मोठं काळीज लागतं."

टेलरचा घास हातातच राहिला. "कोण रडलं?"

"तू."

"मी कशाला रडू? चूक तर तू कबूल केलीस!"

"मी? खरवड तू वाढलीस आणि चूक मी कबूल करू? कुणी सांगितलं तुला?"

"तुला कुणी सांगितलं?"

मावशी हातात डाव घेऊन टोपापाशी उभी होती. दोघांनी एकदमच तिच्याकडे पाहिलं.

तेव्हा दोघांतला एक जण जरी हसला असता तरी निभावलं असतं. पण चारचौघांत दोघांचीही फजिती झाली होती, आणि फजिती झालेल्या माणसाला राग काढायला कुणीतरी लागतंच. एकमेकांवर काढावा तर पुन्हा तेच वर्षाचं दुखणं. मावशीवर काढणं सोपं होतं.

"माझ्या मेलेल्या बापाच्या नावाने खेळलीस तू," गिरणीवाला म्हणाला. इतकी वर्षं ती 'अहो मावशी' होती.

"दोस्ता-दोस्तांत काड्या घालतेस?" टेलर म्हणाला.

"काड्या नाही हो भाऊ, मी तर..." मला जायला जागा नाही, एवढंच म्हणायचं होतं. जेवत्या पंगतीसमोर तिला ते म्हणवलं नाही.

मग एकेकाला एकेक आठवायला लागलं. नळाच्या बाजूची एक म्हणाली, "तरीच! माझ्या जावेचे कान माझ्याविरुद्ध हिनेच भरले असणार." समोरून कुणी म्हणालं, "आणि आमची परात गेली ती?" वर्षभरात ज्याचं त्याचं जे बिनसलं होतं ते सगळं मावशीच्या पदरात पडलं. माणसं हलकी झाली. "बस, जेवण गार होतंय," गिरणीवाला टेलरला म्हणाला. टेलरने उठून त्याला आपल्या हाताने वाढलं, वरचं, चांगलं.

पुन्हा बैठक झाली. भिंत रद्द, वाटणी रद्द, टोप राहणार. मावशीने खोली सोडायची. एकाचाही हात खाली राहिला नाही. एवढी एकी गल्लीने कधी पाहिली नव्हती.

ती निघाली तेव्हा गाठोडं तपासायला टेलरची बायको आणि गिरणीवाल्याची बायको आल्या. कुठे जाणार, हे दोघींनीही विचारलं नाही. एकीने गाठ सोडली, दुसरीने टोकं धरली. दोन जोड कपडे, कंगवा, नवऱ्याचा फोटो, आणि तळाशी एक छोटं पितळी पातेलं.

"ते माझ्या आईचं आहे," मावशी म्हणाली. "लग्नात दिलेलं."

"असेलही हो," टेलरची बायको म्हणाली. "पण गल्लीचीही असली आहेत. आम्ही कसं ओळखायचं?"

मावशीने वाद घातला नाही. वाद घालायला आपल्या बाजूने निदान एक माणूस तरी लागतं. तिने उरलेलं गाठोडं बांधलं आणि बाहेर पडली.

"घ्या वहिनी, तुम्हाला होईल दूध तापवायला," मागून आवाज आला.

"छे, छे, तुम्हीच ठेवा."

"अहो घ्या ना! आपल्यात कसलं आलंय तुझं-माझं?"

मावशी गल्लीच्या तोंडाशी पोचली तरी दोघींचा आग्रह चालूच होता.